बोट सुटण्याआधीचे पाच तास

मोठ्या क्रूझ जहाजावर सगळ्यात जास्त धावपळ असते ती जहाज धक्क्याला बांधलेलं असताना. पहाटे पाच-सहाला ते बंदराला लागतं. सात ते दहाच्या दरम्यान आधीच्या सफरीचे प्रवासी उतरतात, अकराच्या सुमारास नव्या प्रवाशांना आत घ्यायला सुरुवात होते आणि संध्याकाळी चार-पाचला दोर सुटतात. मधल्या वेळात हजारो बॅगा उतरतात आणि तितक्याच चढतात. हजार-दीड हजार केबिनींमधल्या चादरी-टॉवेल बदलले जातात, आठवडाभराचा भाजीपाला, दूध, अंडी, मांस फोर्कलिफ्टने जहाजाच्या पोटात जातं, इंधन भरलं जातं, बंदराचे कागद होतात. धंद्यातले लोक या दिवसाला टर्नअराउंड म्हणतात. जहाज बंदरात असेपर्यंत बंदराचं शुल्क लागतं आणि कॅसिनो बंद असतो. त्यामुळे कंपनीच्या लेखी त्या दिवसाचं एकेक मिनिट पैशाचं असतं.

साथीच्या काळातली प्रत्येक खबरदारी याच मिनिटांतून वजा होते. २०२० ते २०२२ या काळात चढण्याच्या दिवसाचे नियम इतक्या वेळा बदलले की त्यांचा वैद्यकीय अर्थ लावता लावता दमछाक व्हावी. घड्याळ समोर ठेवून पाहिलं तर मात्र गोष्ट बरीच सरळ दिसते. ज्या खबरदारीने वेळ वाचला ती टिकली. जिने वेळ खाल्ला ती सरकारी सक्ती उठताच गेली. पुढची साथ आल्यावर या दिवसाचं काय होईल, याचा अंदाजही इथूनच बांधावा लागेल.

जहाजावर चढणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहणं ही काही कोविडची देणगी नाही, आणि त्या इतिहासात मुंबईचं नाव ठळक आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांतच युरोपात घबराट पसरली, कारण मुंबईहून हजला जाणारी जहाजं सुएझच्या वाटेवर होती. १८९७ साली व्हेनिसला जी आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, तिचं कारणच मुंबईचा प्लेग. तिथे झालेल्या करारात प्लेगच्या बंदरातून निघणाऱ्या जहाजांसाठी एक बारकाईचं कलम होतं: चढणाऱ्या प्रत्येक माणसाची वैद्यकीय तपासणी व्हावी, एकेकाची वेगळी व्हावी, चढतेवेळीच व्हावी, जमिनीवर व्हावी आणि दिवसाउजेडी व्हावी. कंदिलाच्या उजेडात काखेतली गाठ नीट दिसत नाही, असा साधा हिशेब त्यामागे असावा. प्लेगमध्ये निदान दिसण्यासारखं काहीतरी होतं.

कोविडमध्ये तेही नव्हतं. डायमंड प्रिन्सेस हे जहाज २० जानेवारी २०२० रोजी जपानच्या योकोहामाहून निघालं. त्यावर चढलेल्या हाँगकाँगच्या एका ८० वर्षांच्या गृहस्थांना आदल्या दिवसापासून खोकला होता. २५ जानेवारीला ते हाँगकाँगला उतरून घरी गेले, ताप आला तो ३० तारखेला, आणि १ फेब्रुवारीला चाचणीत संसर्ग सिद्ध झाला. म्हणजे चढण्याच्या दिवशी धक्क्यावर कुणी थर्मामीटर घेऊन उभं असतं तरी हे गृहस्थ हसतमुखाने आत गेले असते. जहाज योकोहामाला परतलं तेव्हा त्यावर ३,७११ माणसं होती. त्यांतल्या ७१२ जणांना लागण झाली. त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना चाचणीच्या वेळी कोणतंही लक्षण नव्हतं. साथीच्या शास्त्रासाठी हा आकडा सोन्यासारखा ठरला, कारण एवढ्या मोठ्या बंदिस्त गटात सगळ्यांची चाचणी झाल्याचं उदाहरण तोवर नव्हतं. क्रूझ कंपन्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार वाईट होता: दारात उभा केलेला ताप मोजणारा माणूस जवळजवळ निरुपयोगी आहे.

तरी पहिले दोन महिने सगळा भर त्याच्यावर आणि एका छापील फॉर्मवर राहिला. गेल्या १४ दिवसांत चीनमध्ये होतात का, खोकला आहे का, ताप आहे का. फेब्रुवारीत रॉयल कॅरिबियन कंपनीने तर चीन, हाँगकाँग किंवा मकावचा पासपोर्ट असलेल्या कुणालाही जहाजावर घेणार नाही असं जाहीर केलं, मग तो माणूस गेली दहा वर्षं चीनबाहेर का राहत असेना. टीका झाली, काही दिवसांत नियम बदलला. विषाणूला पासपोर्ट वाचता येत नाही, हे दारावरच्या माणसाला कळत असावं. पण पासपोर्ट तपासायला पाच सेकंद लागतात आणि फुप्फुस तपासायला नाही म्हटलं तरी वेळ लागतो.

सगळ्यात बोलका प्रसंग सिडनीचा आहे. ८ मार्च २०२० रोजी रूबी प्रिन्सेस एक सफर संपवून तिथे आलं. उतरणाऱ्यांमध्ये बरेच जण सर्दी-तापाने आजारी होते, म्हणून आरोग्य खात्याचे डॉक्टर जहाजावर गेले. काही जणांचे नमुने घेतले, ते निगेटिव्ह आले. तोवर नवे प्रवासी धक्क्यावर ताटकळत होते. त्यांना कित्येक तास उशिराने आत घेतलं आणि जहाज त्याच रात्री न्यूझीलंडकडे निघालं. तपासणी झाली होती, उशीर सोसला होता, कागद स्वच्छ होते. १९ मार्चला तेच जहाज परतलं तेव्हा सुमारे २,७०० प्रवासी चाचणीच्या निकालांची वाट न पाहता उतरून घरोघर गेले. त्या सफरीशी पुढे २८ मृत्यू जोडले गेले आणि न्यू साउथ वेल्स सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने आरोग्य खात्यावर कडक ताशेरे मारले. चर्चा झाली ती १९ तारखेची. मला मात्र ८ तारीख जास्त शिकवणारी वाटते. त्या दिवशी सगळं नियमाप्रमाणे झालं होतं.

मार्चच्या मध्यावर जगभरच्या मोठ्या कंपन्यांनी सफरी थांबवल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, १४ मार्चला जहाजांना प्रवासी घेण्यास बंदी केली. त्यानंतर खरा प्रश्न आला: पुन्हा दार उघडायचं तर त्यात कोणती चाळणी लावायची?

उत्तर सोपं वाटतं. सगळ्यांची चाचणी करा. पण धक्क्यावर उभं राहून हिशेब मांडून पाहू. समजा ३,००० प्रवासी आहेत आणि चढवायला अकरा ते चार असे पाच तास. म्हणजे मिनिटाला दहा माणसं दारातून आत गेली पाहिजेत. झटपट अँटिजेन चाचणीचा निकाल यायला १५ मिनिटं लागतात. तेव्हा कोणत्याही क्षणी निकालाची वाट पाहणारी १५० माणसं टर्मिनलमध्ये बसलेली असणार, तीही एकमेकांपासून सहा फुटांवर. त्यात नाकात काडी घालणारे, नावं लिहिणारे, निकाल वाचणारे आणि पॉझिटिव्ह निघालेल्याला बाजूच्या खोलीत नेणारे धरा. बहुतेक जुन्या टर्मिनलमध्ये एवढी जागाच नसते. ती इमारत माणसं पुढे सरकवण्यासाठी बांधलेली असते, बसवण्यासाठी नाही.

आणि एवढं करून चाळणी किती बारीक? धरून चालू की ३,००० पैकी १५ जणांना खरोखर लागण झाली आहे आणि चाचणी लागण झालेल्या शंभरातल्या ८० जणांना पकडते. १२ सापडले, ३ आत गेले. उरलेल्या २,९८५ निरोगी माणसांपैकी शंभरात एकाला जरी ती चुकून पॉझिटिव्ह म्हणाली, तरी ३० निरोगी लोकांना बॅगा घेऊन माघारी फिरावं लागतं. म्हणजे परत पाठवलेल्या ४२ जणांपैकी ३० ठणठणीत, आणि तीन बाधित मात्र वरच्या डेकवर जेवायला बसलेले. ज्याला कालच लागण झाली तो तर या हिशेबातच नाही, कारण त्याच्या नाकात आज काही सापडणारच नाही. तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी बोलू लागतो, भर समुद्रात.

सिंगापूरला डिसेंबर २०२० मध्ये याचीच उलटी बाजू दिसली. तिथे कोणत्याही बंदराला न जाता समुद्रात फिरून परत येणाऱ्या सफरी सुरू झाल्या होत्या. चढण्याआधी प्रत्येकाची चाचणी होत होती आणि कोण कुणाच्या जवळ गेलं हे नोंदवणारं सरकारी उपकरण किंवा ॲप सक्तीचं होतं. क्वांटम ऑफ द सीज या जहाजावर ८३ वर्षांच्या एका गृहस्थांचं पोट बिघडलं म्हणून ते जहाजाच्या दवाखान्यात गेले. नियमाप्रमाणे त्यांची कोविड चाचणी झाली आणि ती पॉझिटिव्ह आली. प्रवाशांना केबिनमध्ये कोंडलं, जहाज एक दिवस आधी माघारी आणलं, सगळ्या जगात बातमी झाली. किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासलं तेव्हा नमुने निगेटिव्ह निघाले. आजोबांना कोविड नव्हताच. एक गोष्ट मात्र कबूल करावी लागेल. त्या दिवशी कोण कुणाच्या संपर्कात आलं याची यादी काही तासांत तयार होती, आणि डायमंड प्रिन्सेसवर नेमकी तीच नव्हती.

इटलीने त्याआधीच वाट काढली होती. १६ ऑगस्ट २०२० रोजी एमएससी कंपनीचं ग्रँडिओसा जेनोव्हाहून निघालं. धक्क्यावर प्रत्येकाची अँटिजेन चाचणी, शंका आली तर पीसीआर, आणि बंदरात उतरायचं तर फक्त कंपनीच्या गटाबरोबर. नेपल्सच्या मुक्कामात एका कुटुंबाने गट सोडून स्वतंत्र फिरायचं ठरवलं. ते परत आले तेव्हा त्यांना जहाजावर घेतलं नाही. खूप जणांना हे क्रूर वाटलं. माझ्या मते ती त्या वर्षातली सगळ्यात तर्कशुद्ध कृती होती. चढण्याचा दिवस हा एकच दिवस नसतो हे त्या कंपनीला समजलं होतं. प्रत्येक बंदरात प्रवासी उतरतो आणि पुन्हा चढतो. पहिल्या दिवशी चाळणी लावून बाकीच्या दिवशी दार उघडं ठेवण्यात काय अर्थ होता?

अमेरिकेत हा प्रश्न दवाखान्यातून कोर्टात गेला. सीडीसीने ३० ऑक्टोबर २०२० रोजी सशर्त परवानगीची चौकट आणली. कंपन्यांनी आधी स्वयंसेवक प्रवासी घेऊन चाचणी सफर करावी, किंवा ९५ टक्के प्रवासी आणि ९८ टक्के कर्मचारी लस घेतलेले असावेत, असे दोन मार्ग २०२१ मध्ये झाले. फुकटच्या सफरीसाठी स्वयंसेवकांची कमतरता पडली नाही हे सांगायला नको. पण फ्लोरिडाने नेमका त्याच सुमारास कायदा केला: कोणत्याही व्यवसायाने गिऱ्हाइकाकडे लसीचा पुरावा मागायचा नाही. जगातली सगळ्यात गजबजलेली क्रूझ बंदरं त्याच राज्यात. म्हणजे मायामीच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने प्रमाणपत्र मागितलं तर राज्याचा कायदा मोडतो आणि नाही मागितलं तर केंद्राची चौकट. फ्लोरिडाने सीडीसीवर खटला भरला, नॉर्वेजियन कंपनीने फ्लोरिडावर. या गोंधळातच २६ जून २०२१ रोजी सेलिब्रिटी एज हे जहाज फोर्ट लॉडरडेलहून पैसे भरलेले प्रवासी घेऊन निघालं. अमेरिकी बंदरातून १५ महिन्यांनी निघालेलं ते पहिलं मोठं क्रूझ जहाज.

चाचणीचं काय झालं? ती धक्क्यावरून हलली आणि प्रवाशाच्या घरी गेली. सफरीच्या दोन-तीन दिवस आधी लॅपटॉप उघडायचा, पलीकडचा माणूस कॅमेऱ्यातून बघत असताना स्वतःच्याच नाकात काडी फिरवायची, पट्टी कॅमेऱ्यासमोर धरायची, निकाल ई-मेलने यायचा. वैद्यकीयदृष्ट्या हे धक्क्यावरच्या चाचणीपेक्षा कमी दर्जाचं, कारण त्या दोन-तीन दिवसांत माणूस विमानात, हॉटेलात, टॅक्सीत शंभर जणांच्या सहवासात येऊन जातो. घड्याळाच्या दृष्टीने मात्र बिनतोड. टर्मिनलमधली ती १५० माणसं नाहीशी झाली. खर्च प्रवाशाच्या खिशातून, वेळ प्रवाशाचा. आणि १८ जुलै २०२२ रोजी सीडीसीने क्रूझसाठीचा कोविड कार्यक्रम बंद केल्यावर बहुतेक कंपन्यांनी काही महिन्यांत घरची चाचणीही सोडून दिली.

आता टिकलेल्या गोष्टींकडे वळू. आजच्या क्रूझ तिकिटावर दिसणारी चढण्याची ठराविक वेळ, म्हणजे साडेबारा ते एक वगैरे, ही गर्दी विरळ करण्यासाठी सगळीकडे सक्तीची झाली. कागदपत्रं आणि फोटो घरूनच ॲपवर चढवणं तेव्हाच रुळलं. काउंटरवर चार मिनिटं लागायची तिथे आता एखादं पुरतं. आरोग्याचा फॉर्मही मोबाइलवर गेला. या सगळ्याची सुरुवात साथीआधीच झाली होती, साथीने फक्त मागे राहिलेल्यांना ढकललं.

पण सगळ्यात मोठा बदल लाइफबोटीच्या कवायतीत झाला, आणि तो थोडा जवळून पाहण्यासारखा आहे. समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार प्रत्येक प्रवाशाला संकटकाळी कुठे जमायचं आणि लाइफ जॅकेट कसं घालायचं हे दाखवणं बंधनकारक आहे. पूर्वी ते चढल्यापासून २४ तासांच्या आत झालं तरी चालायचं. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या जिलिओ बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळून आडवं झालं, ३२ जणांचा जीव गेला. त्याच दिवशी चिव्हिताव्हेकियाला चढलेल्या सुमारे ७०० प्रवाशांची कवायत झालीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत होणं १ जानेवारी २०१५ पासून अनिवार्य ठरलं.

जुनी कवायत अशी असायची. दुपारी चारच्या सुमारास सात छोटे आणि एक लांब भोंगा. बार बंद, जेवण बंद, दुकानं बंद, लिफ्ट बंद. सगळे जण जिन्याने उतरून लाइफबोटींच्या खाली ठरलेल्या जागी रांगेत उभे. उंच मागे, बुटके पुढे, खांद्याला खांदा, पाठीला पोट. काही जहाजांवर नारिंगी जॅकेटं घालून यावं लागे, आणि त्या जॅकेटाला शिट्टी असते. पोरंटोरं ती हमखास तोंडात घालून वाजवत. त्याआधी ती कुणाच्या तोंडात गेली होती, याचा विचार २०२० पूर्वी कुणी केला नाही. उशिरा आलेल्यांसाठी बाकीचे हजारो अर्धा-पाऊण तास उन्हात. श्वासातून पसरणाऱ्या रोगासाठी यापेक्षा सोयीचा कार्यक्रम आखता आला नसता, तोही सफरीच्या पहिल्याच दिवशी, जेव्हा कोण काय घेऊन आलंय हे कुणालाच माहीत नसतं.

जुलै २०२० मध्ये रॉयल कॅरिबियनने नवी पद्धत जाहीर केली. सुरक्षेची माहिती फोनवर किंवा केबिनच्या टीव्हीवर पाहायची, मग आपल्या सवडीने ठरलेल्या जागी एकट्याने जायचं, तिथला कर्मचारी कार्ड स्कॅन करून काय करायचं ते दाखवतो, संपलं. जहाज सुटण्याआधी कोण राहिलं ते संगणकावर दिसतं. जर्मन बाजारातल्या माइन शिफ २ या जहाजावर ती प्रत्यक्ष वापरली गेली. कंपनीने त्याचं पेटंट घेतलं होतं आणि साथ असेपर्यंत इतरांना ते फी न घेता वापरू दिलं. यातली खरी मेख अशी की ही कल्पना कोविडच्या आधीपासूनच शिजत होती. साथीने तिला निमित्त दिलं. नव्या पद्धतीत बार बंद ठेवावे लागत नाहीत, पहिल्या दुपारचा गल्ला वाचतो, प्रवासीही खूश. म्हणून मास्क गेले, चाचण्या गेल्या, लसीचे दाखले गेले, पण ही कवायत बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे कायम राहिली. गर्दी टळली हे उत्तमच. पण कार्ड स्कॅन करून घेतलेल्या माणसाला रात्री दोन वाजता अंधारात आपली जागा सापडेल का, याबद्दल माझ्या मनात शंका आहे. जुन्या रांगेत कंटाळा यायचा, पण आपल्या आजूबाजूचे चेहरे तरी लक्षात राहायचे.

चढल्यावरची दुसरी गर्दी बुफेला. केबिन तयार व्हायला वेळ असतो, म्हणून सगळे नवे प्रवासी पहिल्या दोन तासांत वरच्या डेकवरच्या उपाहारगृहात शिरतात. एकच डाव, तीनशे हात. इथली खबरदारी मात्र कोविडपेक्षा जुनी आहे, कारण जहाजांचा नेहमीचा शत्रू नोरोव्हायरस: उलट्या-जुलाब, अचानक, आणि एकाकडून दुसऱ्याकडे झपाट्याने. अमेरिकेत १९७५ पासून जहाजांच्या स्वच्छतेचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. तपासनीस अचानक येतात, शंभरपैकी गुण देतात, ८५ किंवा त्याखाली आलं की जहाज नापास. काही कंपन्या कित्येक वर्षांपासून सफरीचे पहिले दोन दिवस बुफेत प्रवाशाला स्वतः वाढून घेऊ देत नाहीत, कर्मचारी वाढतात. दोनच दिवस का, तर नोरोव्हायरसची लक्षणं साधारण १२ ते ४८ तासांत दिसतात. घरून जंतू घेऊन आलेला माणूस तोवर आडवा झालेला असतो आणि डाव पुन्हा सगळ्यांच्या हाती देता येतो. हा हिशेब मला फार आवडतो, कारण त्यात दारावर कुणाला पकडण्याची जिद्द नाही; रोग्याला ओळखू येईपर्यंतचा वेळ सांभाळून नेला जातो. जाता जाता एक गोष्ट: कोविडने सगळीकडे उभे केलेले सॅनिटायझरचे खांब नोरोव्हायरसपुढे फारसे चालत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं.

प्रवाशांच्या चढण्याबद्दल एवढं बोललो, पण जहाजावर आणखी एक चढणं असतं, कर्मचाऱ्यांचं. डायमंड प्रिन्सेसवर १३२ भारतीय कर्मचारी होते. प्रवासी केबिनमध्ये बंद झाल्यावर त्यांना तीन वेळा जेवण पोचवत होते ते हेच आणि त्यांच्यासारखे इतर. स्वतः मात्र एका केबिनमध्ये दोघे-तिघे राहत होते आणि एकाच भोजनगृहात जेवत होते. कर्मचाऱ्यांपैकी ज्या पहिल्या २० जणांना लागण झाल्याचं सिद्ध झालं, त्यांतले १५ जेवणखाण विभागातले होते. प्रवाशाच्या दारावर कितीही चाळण्या लावल्या तरी मधून जाणारा हा रस्ता उघडाच होता. गोव्यात सासष्टी-बार्देशमधल्या कित्येक घरांत कुणी ना कुणी बोटीवर असतं, त्या घरांना हे वेगळं सांगायची गरज नाही. एप्रिल २०२० मध्ये मरेला डिस्कव्हरी जहाजावरचे भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्याबाहेर खोळंबले होते. उतरायचं कसं याचे नियमच नव्हते. केंद्राने नियमावली काढल्यावर २३ एप्रिलला १४६ जण मुंबईत उतरले. त्यांत गोव्याचे बरेच होते. पुढे सफरी सुरू झाल्या तेव्हा कामावर रुजू होणाऱ्याला आधी चाचण्या आणि एकांतवास, मग काम. प्रवाशाची एक दुपार वाचावी म्हणून कर्मचाऱ्याचे कित्येक दिवस बंद खोलीत जायचे.

आपल्याकडे हे सगळं एकदम अंगावर आलं ते २०२२ च्या पहिल्या आठवड्यात. नव्या वर्षासाठी मुंबईहून गोव्याला गेलेल्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावर एक कर्मचारी बाधित निघाला. मुरगाव बंदरात सुमारे २,००० जणांची चाचणी झाली आणि ६६ जण पॉझिटिव्ह आले. प्रवाशांना गोव्यात न उतरवता जहाज मुंबईला परत आणलं गेलं, तिथे पुन्हा चाचण्या, आणि आणखी बाधित सापडले. ओमायक्रॉनचे दिवस होते. त्याच सुमारास, ३० डिसेंबरला, सीडीसीने लस घेतलेल्यांनीही क्रूझ टाळावी असा इशारा दिला होता. दोन-तीन रात्रींच्या सफरीत चढण्याच्या दिवशीची चाचणी किती पुरी पडते, याचं उत्तर त्या ६६ आकड्यात आहे. आता मुंबईत बॅलार्ड पिअरला ७२ चेक-इन आणि इमिग्रेशन काउंटरांचं मोठं टर्मिनल २०२५ मध्ये सुरू झालं आहे. काउंटर वाढले की रांग पळते. साथीच्या दिवशी टर्मिनलची कसोटी मात्र रिकाम्या जागेवर लागते: संशयित माणसाला बाजूला बसवायला खोली, तिथून रुग्णवाहिकेपर्यंत वेगळं दार, आणि निकाल येईपर्यंत थांबणाऱ्यांसाठी हवेशीर मांडव.

पुढच्या वेळी काय परत येईल? रोग श्वासातून पसरणारा असेल तर घरची चाचणी, लसीचा दाखला, ठरलेली वेळ, उतरून-चढण्यावर बंधनं, हे सगळं आठवड्याभरात परत लावता येईल, कारण ॲप आणि सवय दोन्ही तयार आहेत. जहाजावर वेगळ्या ठेवलेल्या रिकाम्या केबिनी आणि स्वतःची प्रयोगशाळा ही त्या काळातली खर्चिक तरतूद होती. रिकामी केबिन म्हणजे न विकलेली केबिन, त्यामुळे ती मात्र सक्तीशिवाय कुणी ठेवणार नाही.

आणि तो फॉर्म राहीलच. तुम्हाला गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, उलटी, जुलाब झाले का? चौघांच्या कुटुंबाने दोन-तीन लाख रुपये भरलेत, रजा काढलीय, विमानाने बंदरापर्यंत येऊन पोचलेत, आणि धाकट्याला काल रात्री दोनदा उलटी झाली. कोण 'होय'वर खूण करील? साथीच्या काळात कंपन्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली होती: पॉझिटिव्ह आलात तर पैसे परत किंवा पुढच्या सफरीसाठी जमा, आणि तारखेच्या अगदी तोंडावर रद्द करण्याची सोय. खरं बोलणं स्वस्त झालं, आणि मग लोक घरीच थांबले. थर्मामीटर आणि काडीने जे जमलं नाही ते परताव्याच्या एका कलमाने बरंच साधलं. सक्ती उठली तशी बहुतेकांनी ती सवलतही गुंडाळली. तेव्हा क्रूझचं बुकिंग करताना केबिनला बाल्कनी आहे का, हे विचाराच, पण चढण्याच्या दिवशी आजारी पडलो तर किती पैसे परत मिळतात, कंपनीकडून की विम्यातून, आणि डॉक्टरचा कोणता कागद त्यासाठी लागतो, हेही एजंटकडून त्याच वेळी लेखी घ्या.